साठ ठोक्यांची वाट

यंदा शिगम्याला गोव्यात, डिचोलीत घरी आले आहे. परवा वाड्यावर घोडेमोडणी झाली. कमरेला लाकडी घोडा, हातात तलवार, डोक्याला फेटा अशा थाटात तासभर नाचून शेजारचे काका आमच्या पडवीत येऊन टेकले. "काय गो, तू तिथे खरे घोडे पळवतेस म्हणे?"

पळवण्यापेक्षा थांबवायलाच जास्त शिकले, हे त्यांना सांगायला बराच वेळ लागला.

मी कॅलिफोर्नियात नर्स आहे. आमच्या जवळच्या ऑबर्न गावात टेव्हिस कप संपतो: ताहो सरोवराजवळून निघायचं आणि सिएरा नेवाडाचे डोंगर ओलांडत १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर, २४ तासांत घोड्यावरून गाठायचे. १९५५ साली वेंडेल रॉबी यांनी हे सुरू केलं. वेळेत पोचलेल्याला चांदीचं बक्कल मिळतं, पण घोडा शेवटीही धडधाकट असला तरच. १९७४ साली गॉर्डी एन्सली नावाचा पठ्ठ्या ही वाट घोड्याशिवाय, स्वतःच्या पायांनी २४ तासांच्या आत धावला. काकांना सगळ्यात हेच आवडलं. "म्हणजे आमच्यातलाच!"

अशा शर्यतींतली माझी गुरू सत्तरीतली आहे (गोव्यातला तालुका नव्हे, वय). तिकडच्या रीतीने मी तिला नावाने हाक मारते, मनात मात्र मावशीच म्हणते. पहिले दोन महिने तिने मला खोगिरावर बसूच दिलं नाही. खरारा कर, टापा उचलून बघ, हिरडी दाबून रंग किती पटकन परततो ते बघ, कुशीला कान लावून आतड्यांची गुडगुड ऐक. ती बंद असेल तर घरी जायचं. घोड्याचा घाम त्याच्या रक्ताहून खारट असतो. त्यामुळे अंगातलं पाणी आटलं तरी त्याला तहान लागेलच असं नाही. म्हणून ती सफरचंदाच्या गरात क्षार कालवून सिरिंजने घोड्याच्या तोंडात घालते. निम्मं माझ्या बाहीवर.

नाडी तरी आपल्याला येते, असा माझा तोरा होता. डाव्या कोपरामागे स्टेथोस्कोप लावला, मोजलं आणि घाबरून ओरडले, "ऐंशी!" उभ्या घोड्याची नाडी तीस-चाळीसच्या घरात असते. ती हसायला लागली. हृदय इतकं सावकाश चालतं की लब् आणि डब् वेगवेगळे ऐकू येतात. मी दोन्ही मोजले होते. इतकी वर्षं वॉर्डात काढून ही गत!

पहिली शर्यत २५ मैलांची. शेवटच्या मैलाला तिने उतरून खोगिराचा तंग सैल केला आणि घोड्याबरोबर चालू लागली. "तूही उतर," म्हणाली. मला समोर कमान दिसत होती. मी दुडकीने पुढे गेले, तिच्या आधी पोचले, हात वर केले, फोटोही काढून घेतला. पण या अंतराच्या शर्यतीत कमान ओलांडून वेळ संपत नाही, घोड्याची नाडी ६० पर्यंत उतरली की संपते. माझा घोडा ७६ वर. मी मानेवर पाणी ओतते आहे, पुन्हा मोजते आहे, ७२, ६८, आणि तेवढ्यात मावशी चालत आली. डॉक्टरने लगेच तिचा घोडा तपासला: १५ सेकंदांत १४ ठोके, म्हणजे मिनिटाला ५६. माझ्या मागून येऊन ती माझ्या आधी नोंदली गेली. मला एक शब्द बोलली नाही, फक्त आपली बादली माझ्याकडे सरकवली. बोलली असती तर बरं झालं असतं.

काकांनी मनगट पुढे केलं. "माझी बघ."

"एकशे सोळा."

"मग बाद?"

"दहा मिनिटं बसा. कोकम सरबत घ्या, परत मोजते."

तेवढ्यात पलीकडे ताशा वाजला. काकांनी अर्धा पेला एका दमात संपवला, दोरी आवळली आणि घोड्यासकट पायऱ्या उतरून गेले.