एक काडी कमी

१६ डिसेंबर, मंगळवार. रात्रीचे साडेअकरा.

गव्हाणीतली एक काडी आज खिडकीत पडून आहे. मी अजून तिला हात लावलेला नाही.

संध्याकाळी प्रार्थनेला बसलो. सुरूच्या डहाळ्या पार वाळल्यात, हात लागला की झडतात, तरी पितळी ताटात त्याच आहेत. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांच्या, चार मेणबत्त्यांपैकी आतापर्यंतच्या तीन: दोन जांभळ्या आणि तिसरी गुलाबी. गुलाबी म्हणजे पांढरीच, बाजारात मिळाली नाही म्हणून रिबीन बांधलेली. थोरलीने तिन्ही पेटवल्या. जपमाळेचे दहा मणी झाले. मग रोजचा नेम: दिवसभरात हातून काही चांगलं झालं असेल तर पेंढ्याची एक काडी रिकाम्या गव्हाणीत टाकायची. २४ च्या रात्रीपर्यंत बाळ येशूला निजायला मऊ अंथरूण व्हावं म्हणून. थोरलीने टाकली. धाकटा गव्हाणीपाशी उकिडवा बसला आणि टाकायच्या ऐवजी त्याने एक काडी बाहेर काढली. खिडकीत नेऊन ठेवली आणि म्हणाला, "ही तुझी होती मम्मी. सकाळची."

रागाने नाही. जेवल्यावर आपलं ताट उचलून मोरीत ठेवतो, तसं.

सकाळचं मला आठवत होतंच. थोरलीची वही सापडत नव्हती, डबे भरायचे होते, माझी लोकल निघायला वीस मिनिटं. मी ओरडले. नुसती ओरडले असते तर एक वेळ ठीक. मुलांच्या पप्पांचं नाव काढून जे बोलले ते इथे लिहीत नाही.

पण ओरडले तिच्यावर, आणि लक्षात ठेवलं त्याने. शाळेत गेला, खेळला, दुपारी झोपला, शेजारी जाऊन केळं खाऊन आला, आणि एवढं सगळं होत असताना सकाळचं ते त्याच्या मनात कुठेतरी तसंच होतं. दिवसभर. हेच मला सहन होत नाहीये.

आधी तर त्याचाच राग आला. वाटलं, सगळं मी एकटीने करायचं आणि वर हा हिशोब. ३० नोव्हेंबरपासून एक दिवस चुकवला नाही. ऑफिसातून कितीही उशिरा आले तरी मेणबत्ती लागली. वसईत आता डिसेंबर लागला की गल्लोगल्ली दिव्यांच्या माळा चढतात. मुलं रोज विचारतात, आपला तारा कधी? मी रोज सांगते, चौथ्या रविवारी. खरेदी नाही, केक नाही, करंज्या २० तारखेनंतर. (यंदा करंज्यांना आईंचा हात नाही. असो.) आगमनकाळ म्हणजे नाताळची गर्दी नाही, वाट पाहणं आहे, हे त्यांच्या मनात रुजावं म्हणून जीव टाकते. मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, ग्लोरियाचं स्तुतिगीत का नाही, फादरांचा झगा जांभळा का, सगळं त्यांना समजावून सांगते. आणि त्या सगळ्यातून हा काय शिकला, तर मम्मीची काडी काढायला.

बराच वेळ स्वयंपाकघरात उगाच उभी होते. भांडी घासून झाली होती तरी.

मग आठवलं, पहिल्या रविवारी मीच त्यांना चाकाची गोष्ट सांगितली होती. १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये विखेर्न नावाचे एक प्रॉटेस्टंट पाळक अनाथ, गरीब मुलांसाठी घर चालवायचे. मुलं रोज त्यांच्या मागे लागायची, नाताळ कधी, नाताळ कधी. तेव्हा त्यांनी गाडीचं जुनं चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या लावल्या, रविवारच्या मोठ्या पांढऱ्या, बाकीच्या दिवसांच्या लहान लाल. रोज एक पेटवायची. आज आपल्या ताटात चारच उरल्या आहेत, पण मूळ ते. धाकट्याला ती गोष्ट फार आवडली होती, चाक केवढं होतं म्हणून तीनदा विचारलं.

त्या चाकावर दिवस मोजले जायचे. कोण कसं वागलं ते नाही. काड्यांची मोजणी मी आणली. चांगलं वागलास तर टाक, हे मीच म्हटलं. मग वाईट वागली तर काढ, हे त्याला कुणी शिकवायला हवं होतं का?

माझ्या स्वतःच्या काड्या आठवत बसले. एक मावशीला दवाखान्यात डबा नेला त्याची. एक शेजारणीचा अबोला मी आधी सोडला त्याची. दोन्ही टाकताना मुलांकडे पाहिलं होतं, ती बघताहेत ना म्हणून. हे आज पहिल्यांदा कळलं.

रविवारी चर्चमध्ये बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातलं वाचन होतं. शेतकरी पावसाची वाट पाहत धीर धरतो तसा धीर धरा, आणि एकमेकांविरुद्ध कुरकुर करू नका. मी मान डोलावली होती. आजचं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या शिकवणीचं वाचन, तर त्या दोन मुलांचं. बाप म्हणतो मळ्यात जा. एक नाही म्हणतो आणि मागाहून पस्तावून जातो, दुसरा जातो म्हणतो आणि जातच नाही. गाडीत उभ्याने मोबाइलवर वाचलं होतं, त्या सकाळनंतर तासाभरात, आणि तेव्हा मनात दुसरीच माणसं आली होती.

झोपायच्या आधी थोरलीला जवळ घेतलं. सॉरी म्हटलं. "हं" म्हणाली आणि पांघरूण ओढून घेतलं. तिच्याकडून आज एवढंच.

धाकट्याला विचारलं, "मी ताईला सॉरी म्हटलं. आता टाकू का ती काडी परत?"

त्याने खरोखर विचार केला. कपाळाला आठी घालून.

"आज नको," म्हणाला. "आज तिथेच राहू दे. उद्या टाक."

"उद्या नक्की?"

"उद्या बघू तू कशी वागतेस," असं म्हणेल वाटलं होतं. तो म्हणाला, "हो. मी पण येतो टाकायला. तुला खाली बसायला त्रास होतो ना."

आणि कूस बदलून झोपला. मला एवढ्या दिवसांनी मोकळं वाटलं, रडूही आलं थोडं.

काड्यांचा नेम मोडू का? मनात आहे. पण आता आठच दिवस राहिलेत आणि दोघांना तो आवडतो. वाटतं, उद्यापासून काडी टाकताना चांगलं काय केलं ते विचारणार नाही. आज कुणाची आठवण आली, एवढंच विचारेन. त्याच्या पप्पांचं नाव पहिलं येईल, मला माहीत आहे. मला तेव्हा गप्प बसता आलं पाहिजे.

उद्यापासून वाचनही बदलतं. १७ ला मत्तयाच्या शुभवर्तमानातली ती लांबलचक वंशावळ, अब्राहामापासून येशूपर्यंत, चौदा चौदा पिढ्यांचे तीन गट. त्यात तामार आहे, राहाब आहे, उरियाची बायकोही आहे. मुलं कंटाळतील, तरी वाचेन.

आठ तारखेला मारियामातेच्या सणाला नाताळच्या गोठ्याच्या देखाव्यासाठी नाचणी पेरली होती, ती बोटभर वर आलीय. आज पाणी घालायचं राहून गेलं होतं. आत्ता उठून घातलं. खिडकीतच आहे ती वाटी, काडीच्या शेजारी.