सैनिकांच्या मापाची पुस्तकं

लिहायला शिकवायचं म्हटलं की आपल्याला आधी आठवते ती दुरेघी वही. ठिपके जोडा, अ गिरवा, मग आ गिरवा, पानभर. गिरवून हात वळतो, नाही म्हणत नाही मी, पण लिहायचं कशासाठी ते त्या पानावर कुठेच नसतं. ते पोरांना खेळात सापडतं, आणि तेही कुणी मोठ्यांनी न मांडून दिलेल्या खेळात. दुकान-दुकान सुरू झालं की कुणीतरी यादी करायला बसतं, चादरीच्या तंबूवर पाटी लागते 'आत येउ नय', आणि त्यातला एखादा काना-मात्रा गळाला तरी बाहेरचा बाहेरच थांबतो ना, मग झालं की. अक्षरं न येणारी पोरं तर नुसत्या नागमोडी रेघा मारतात आणि 'वाच ना काय लिहिलंय' म्हणून आपल्यालाच कामाला लावतात.

व्हायगॉट्स्की नावाच्या रशियन मानसशास्त्रज्ञाने म्हटलंय की काठीचा घोडा होतो ना, लिखाणाची वाट तिथूनच सुरू होते. एक वस्तू दुसरीच्या जागी उभी करता आली की पुढे कधीतरी वाकडी रेघ आवाजाच्या जागी उभी राहते. म्हणजे पोरगं काठीवर बसून घरभर धावतंय तेव्हा अभ्यासच चाललाय, फक्त वही नाहीये!

आणि इंग्लंडमधली ब्राँटे भावंडं घ्या, तिघी बहिणी आणि एक भाऊ. १८२६ मध्ये वडिलांनी मुलासाठी लाकडी सैनिक आणले, चौघांनी एकेक वाटून घेतला, नावं ठेवली, मग त्यांचं राज्य झालं, राजकारण आलं, आणि एवढं राज्य असल्यावर मासिक नको का, म्हणून हाताशी लागतील त्या कागदाच्या तुकड्यांची काडेपेटीएवढी पुस्तकं शिवली आणि भिंग लागेल इतक्या बारीक अक्षरात भरून काढली. सैनिकांना वाचायची होती ना ती! कुणी मार्क देणार नव्हतं, शुद्धलेखन तर दिव्यच होतं. यातल्या तिघी बहिणी पुढे कादंबरीकार झाल्या, पण सगळीच पोरं होतील असं काही नाही, आणि व्हायलाच हवीत असंही नाही.

मोठं माणूस मधे आलं की मात्र गाडी अडते. 'अरे वा, आता हेच छान अक्षरात काढ बघू' म्हटलं की दुकान बंद. त्यापेक्षा गिऱ्हाईक व्हावं, यादी सरळ धरलीय की उलटी ते विचारून घ्यावं, घासाघीस करावी आणि निघताना बिल मागावं, म्हणजे अजून एक कागद भरतो.