तुम्ही विचारलंत म्हणून: ओमानमधले उत्सव, आणि मी ईदला गावात का जाते

मंडळाच्या गणपतीत आरती झाली आणि प्रसादाच्या रांगेत उभं राहिलं, की मस्कतला नव्याने आलेलं कुणी ना कुणी विचारतंच, "ताई, तुम्ही इतकी वर्षं इथे आहात, इथले बघण्यासारखे उत्सव कोणते?" मी उत्तर देते. त्यावर जो दुसरा प्रश्न येतो तो मला जास्त लागतो: "पण तुम्ही शाकाहारी ना? मग ईदला तुमचं काय काम तिथे?" आजवर ज्याला त्याला तुकड्यातुकड्याने उत्तरं दिली. आता एकदाच सगळं सांगते.

आधी सोपं उत्तर. मुलं लहान असतील तर थंडीत मस्कत नाइट्सला जा. १९९८ साली सुरू झालेला जुना मस्कत फेस्टिव्हल तो हाच, नाव बदललंय. पाळणे आणि खाऊचे स्टॉल बघून झाले की गावाकडच्या कारागिरांचा भाग असतो, तिथे थांबा. तापल्या लोखंडी तव्यावर बायका नुसत्या हाताने पीठ फिरवून रखाल नावाची रोटी करतात, घावनापेक्षाही पातळ. नॅशनल डेची रोषणाई बघा. तो पूर्वी १८ नोव्हेंबरला, सुलतान काबूस यांच्या वाढदिवशी असायचा. २०२५ पासून २० नोव्हेंबरला असतो, १७४४ मध्ये सुरू झालेल्या अल बुसैदी राजवटीच्या स्मरणार्थ. जुन्या मस्कतमधल्या शंकराच्या मोतीश्वर मंदिरातली महाशिवरात्र तुम्हाला कुणीही सांगेल.

दक्षिणेकडच्या सलालाचा खरीफ, म्हणजे तिथला पावसाळा, २१ जून ते २१ सप्टेंबर. "आम्ही कोकणातली माणसं, पाऊस बघायला हजार किलोमीटर कशाला जायचं?" असं म्हणतात लोक. पावसासाठी जाऊच नका. सलालाच्या धोफार प्रांतात लोबानाचा जो वास घराघरांतून येतो त्यासाठी जा, आणि जमलं तर बराआ हा नाच बघा. गाणारे अर्धवर्तुळात उभे आणि मध्ये हातात खंजर घेतलेले दोन नर्तक, दोघांचं पाऊल एकाच वेळी उचललं जातं. युनेस्कोने २०१० मध्ये त्याची नोंद घेतली आहे. मला त्यांचे पाय बघता बघता लेझीम आठवतं आणि मग घर.

रमझानच्या मध्यावर करनकशूह असतं. चौदाव्या रात्री मुलं नटूनथटून, दगड-शिंपले वाजवत गल्लीतून दारोदार जातात आणि खाऊ मागतात. आपल्या लोकांच्या बिल्डिंगमध्ये ती फारशी येत नाहीत. जुन्या वस्तीत कुणी ओळखीचं असेल तर खिसाभर चॉकलेटं घेऊन त्यांच्या दारात जाऊन बसा.

आणि मग मी हब्ता म्हणते. इथे समोरच्याचा चेहरा बदलतो.

हब्ता म्हणजे ईदच्या आधीच्या दिवसांत भरणारा बाजार. निझवा या जुन्या शहरातला प्रसिद्ध आहे. एरवीही तिथे शुक्रवारी सकाळी गुरांचा लिलाव असतो, पण ईदच्या आधी त्याला जत्रेचं रूप येतं. मधोमध छपरी, भोवती गोल करून बसलेले गिऱ्हाईक, आणि विकणारे आपापली जनावरं घेऊन त्या गोलात फेऱ्या मारत, भाव ओरडत. बसल्या जागेवरून कुणीतरी हात वर करतो, बकरा थांबवतो, पाठीवर अंगठा दाबून मांस चाचपतो, ओठ वर करून दात बघतो, पटलं नाही की सोडून देतो. बदू, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या जमातीच्या, बायका तोंडावरच्या बुरख्यासह पुढे होऊन पुरुषांइतक्याच ठामपणे भाव करतात. बाजूला सुऱ्यांना धार लावणारे, खेळणीवाले, तांब्याच्या कढईत तास न् तास घोटलेला केशर-गुलाबपाण्याचा हलवा. ज्याला यवतची नाहीतर लोणंदची बाजारपेठ ठाऊक आहे, त्याला इथे परकं वाटायचं काही कारण नाही. "शी, बकऱ्यांचा बाजार!" असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगते, की मी मांस खात नाही म्हणून माझ्या शेजाऱ्याचा सण माझ्यासाठी अस्पृश्य होत नाही.

हे मी फार जोरात म्हणते, हे मला माहीत आहे. का ते सांगते.

२०२३ साली बकरी ईद इथे २८ जूनला झाली. दुसऱ्या दिवशी, २९ जूनला, आषाढी एकादशी. भारतात ईदही त्याच दिवशी होती, आणि पंढरपुरात व इतरही बऱ्याच गावांत मुस्लिम मंडळींनी एकादशीला कुर्बानी द्यायची नाही असं ठरवलं होतं. आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ती बातमी मोबाइलवर वाचून आम्हाला दोनदा ऐकवली. सासूबाई गेल्यानंतरचं ते पहिलं वर्ष. नवऱ्याने हट्टाने आबांना इथे आणलं होतं. आबा माळकरी. गुडघ्यांमुळे पायी वारी सुटली होती, पण आषाढीला आपण पंढरपुरात नाही असं वर्ष त्यांना आठवत नव्हतं.

मी ज्या शाळेत शिकवते तिथल्या एका ओमानी मैत्रिणीचं माहेर इब्राच्या पलीकडे, मस्कतपासून दोन तासांवर. दरवर्षी तिचं ईदचं बोलावणं असायचं. त्या वर्षी तिच्या वडिलांनी मुद्दाम निरोप पाठवला: तुमच्या घरचे वडीलधारे आलेत ना, त्यांना आणा. नवरा म्हणाला, एकादशीच्या दिवशी नको. मी म्हटलं, आबांना विचार. आबा म्हणाले, "माणूस बोलावतोय, तर जायचं."

घरात बायकांची बाजू वेगळी, पुरुषांची वेगळी. मी आत होते. बाहेर काय झालं ते मला नवऱ्याकडून आणि मुलाकडून कळलं, आणि दोघांचं सांगणं जुळत नाही.

एवढं नक्की, की यजमानांनी स्वतः काहवा, म्हणजे इथली कॉफी, दिला. डाव्या हातात सुरई, उजव्या हातात बिनकानाचा छोटा पेला, तळाशी दोन घोट. पुरे म्हणायचं तर पेला हातात हलवून परत द्यायचा, हे आबांना माहीत नव्हतं. ते भिडेपोटी पीत राहिले आणि यजमान भरत राहिले. शेवटी मुलाने आजोबांचा हात धरून पेला हलवून दाखवला आणि सगळे हसले. मग जेवणाचं ताट आलं. नवऱ्याने सांगितलं, आज यांचा उपवास आहे. यजमानांना हिंदी येत होतं. तरुणपणी मस्कतमधल्या मत्रहच्या बाजारात कच्छी व्यापाऱ्यांना खजूर विकायचे, तेव्हाचं. ते म्हणाले, आमच्यात हे दिवस असे आहेत की देवाने उपवास करायलाच मनाई केलीय. ईदचा दिवस आणि पुढचे तीन. आबा म्हणाले, आमच्यात आज सगळ्यात मोठा उपवास. दोघांच्याही महिन्याचा तो अकरावा दिवस, चंद्र एकच. यजमानांनी ताट हलवलं, खजूर, केळी, दूध मागवलं. पण थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, नुसता भात? आणखी एकदा विचारलं. तिन्ही वेळा आबांनी हात जोडले.

मग ते आबांना मागे बागेत घेऊन गेले. जूनअखेर म्हणजे मब्सली जातीच्या खजुराचा तोडा. पिवळे खजूर मोठ्या तांब्याच्या कढयांत उकळतात आणि मोकळ्या जमिनीवर उन्हात पसरून वाळवतात. आबांनी एक उचलून हातात फिरवला आणि म्हणाले, "अरे, ही तर खारीक!" खारीकच होती. हा माल पिढ्यान् पिढ्या भारतात येतो. बाळंतिणीच्या लाडवात, साखरपुड्याच्या ओटीत आपण जी खारीक घालतो, तिचं झाड आबांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. यजमानांनी एक गोणपाट भरून दिलं. आबा नंतर कितीतरी दिवस तेवढंच बोलत होते.

याच वेळी मुलगा गावातल्या पोरांबरोबर पुढे गेला होता. तिथे शुव्याचा खड्डा पेटवलेला होता. मसाला लावलेलं मांस केळीच्या पानांत गुंडाळून, झावळ्यांच्या विणलेल्या पोत्यांत भरतात. प्रत्येक घराचं पोतं वेगळं, ओळख पटावी म्हणून तारेने पत्र्याचा तुकडा बांधलेला. सगळा गाव एकदम ती पोती निखाऱ्यांत टाकतो, झाकण लावून वरून मातीने लिंपतो आणि दुसऱ्या दिवशी उघडतो. बाजूला मिश्काक भाजत होते, झावळीच्या हिरांना टोचलेले मांसाचे तुकडे. एकाने मुलाच्या हातात काडी दिली. त्याने खाल्लं. तेवढ्यात बागेतून आबा आले.

नवरा म्हणतो, आबांनी पाहिलं आणि तोंड फिरवून विहिरीकडे चालत गेले. मुलगा म्हणतो, आबांनी पाहिलं, मान हलवली आणि म्हणाले, "खा." मी दोघांना वेगवेगळं विचारलंय, पुन्हा पुन्हा विचारलंय. दोघांपैकी एकही खोटं बोलणारा नाही. आबांना मी विचारलं नाही आणि विचारणार नाही. परतताना गाडीत त्यांनी हरिपाठ म्हटला, नेहमीसारखाच, आणि मुलगा त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला. दुसऱ्या दिवशी बारस सोडली. आठवड्याने ते परत गेले. त्यानंतर ते मस्कतला आलेले नाहीत. गुडघे, वय, शेती, कारणं खरी आहेत. नवरा त्यातलं एकही मानत नाही.

आणि दुसऱ्या बाजूचं. शाळा सुरू झाल्यावर मैत्रीण म्हणाली, "वडील अजून बोलतात, की ईदला आलेला पाहुणा माझ्या घरून न जेवता गेला." ती तक्रार करत नव्हती, सांगत होती. म्हणजे तिकडे एक म्हातारा दुखावला आणि इकडे कदाचित दुसरा. दोघंही आपापल्या देवाशी आणि एकमेकांशी जितकं नीट वागता येईल तितकं नीट वागले होते.

तुम्ही म्हणाल, मग तरीही आम्हाला जा म्हणून सांगता? पूर्वी मी मंडळाच्या बायकांना तावातावाने सांगायचे, की ज्या देशाचा पगार खातो, त्याच्या सणाला त्याच्या घरी जाऊन बसलंच पाहिजे, नाहीतर आपण फक्त भाड्याच्या खोलीत राहून निघून जातो. आज ती बाई मला जरा कर्कश वाटते. कुणाच्या घरी जाऊन बसायचं तर तिथे आपलंही काहीतरी दुखेल, याची तिला कल्पना नव्हती. पण तिचं म्हणणं खोटं होतं, असं मला म्हणवत नाही. मस्कत नाइट्समध्ये तिकीट काढून आत जाता, दाखवतील ते बघता, बाहेर येता. तिथे ना तुम्ही कुणाला दुखावता, ना कुणी तुम्हाला. मला ते पुरत नाही. नवऱ्याला पुरतं, आणि तो माझ्यापेक्षा कमी समजूतदार आहे असंही नाही.

मुलाबद्दल विचारतात तेव्हा मी गप्प बसते, म्हणून तेही लिहिते. तो आता घरी शाकाहारी आहे, बाहेर नाही. त्याचा जन्म मस्कतचा. मिश्काकची ती काडी त्याने हौसेने घेतली की नको कसं म्हणावं म्हणून घेतली, हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही. आबांना तीन वेळा हात जोडता आले, कारण आपण कोण हे त्यांना ठाऊक होतं. त्याला कोण व्हायचंय ते तो ठरवेल. यात माझं काय चुकलं, असं विचारणाऱ्यांना माझ्याकडे उत्तर नाही, आणि ते मला विचारावं असं मला वाटतही नाही.

तर, तारखा. ईदची तारीख मला आधीपासून विचारू नका. इस्लामी चांद्र वर्षात आपल्यासारखा अधिक महिना नाही, त्यामुळे ईद दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकते आणि चंद्र दिसल्याशिवाय पक्की होत नाही. येत्या काही वर्षांत बकरी ईद उन्हाळ्यातून बाहेर पडतेय, एवढं तुमच्या सोयीचं. हब्त्याला जायचं तर निझव्याला सकाळी सहालाच पोहोचा, नऊनंतर गर्दी ओसरते आणि ऊन चढतं. बायकांनी गेलेलं चालतं. खांदे-गुडघे झाकलेले असावेत. माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, बायकांचे काढूच नका. लिलावाच्या गोलात आडवे जाऊ नका. कुणी घरी बोलावलं तर शाकाहारी आहोत हे निमंत्रण घेतानाच सांगा, ताट समोर आल्यावर नाही. पेला हलवायला शिका.

यंदाही इब्राहून बोलावणं आलंय. नवरा म्हणतो, तू जा. मुलाची परीक्षा आहे, तो बघू म्हणालाय. मी येते म्हणून कळवलंय, आणि मैत्रिणीच्या वडिलांसाठी भाजणीच्या चकल्यांचा डबा घेऊन जाणार आहे, कारण त्या मागच्या वेळी त्यांनी एकट्याने संपवल्या होत्या.