आमची वाटचाल : मानपाड्याच्या परसातला मध

२०१७ च्या एप्रिलमध्ये आमच्या परसातल्या तीन पेट्यांमधून पहिला मध निघाला, नऊ किलो, आणि जून संपेपर्यंत त्यातला जवळजवळ सगळा आंबला. ओळखीच्या बारा-तेरा घरांत तो आम्ही दिला होता, पैसे घेऊन. पहिला फोन आला नौपाड्यातल्या एका काकूंचा, म्हणाल्या अगं झाकण उघडलं तर सोड्याच्या बाटलीसारखा फस्स आवाज आला, वर फेस आहे आणि वास ताडीसारखा येतोय. मग रोज एक फोन. आम्ही सगळ्यांचे पैसे परत केले, बाटल्या गोळा करून आणल्या, आणि मोरीत ओतताना मला रडू आलं, कारण साखरेचा एक कण त्यात नव्हता, माझ्या डोळ्यासमोर काढलेला मध, तरी खराब कसा झाला तेच कळेना. आज ३८ पेट्या आहेत आमच्या, पण धंद्याची खरी सुरुवात मी त्या आंबलेल्या मधापासूनच धरते.

त्याच्या आधीचं थोडं सांगते. आमचं घर ठाण्यात मानपाड्याला, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी, सासऱ्यांनी बांधलेलं बैठं घर आणि मागे परस. आंबा, दोन नारळ, शेवगा, जांभूळ, कुंपणाला आईस्क्रीम वेल. मागच्या भिंतीलगत जुनं लाकडी खोकं पडलं होतं, त्यात २०१६ च्या पावसाळ्यानंतर मधमाशांनी घर केलं. मी घाबरून पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन लावणार तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, थांब, ही सातेरी आहे, आग्या नाही, ही घरात राहते आणि उगाच चावत नाही. सासूबाईंचं माहेर मुरबाडकडचं, लहानपणी त्यांनी झाडाच्या ढोलीतली मोहोळं बघितलेली. ह्यांनी (माझे मिस्टर, वागळे इस्टेटमध्ये तीस वर्षं टर्नर होते) कुठूनतरी मधपेटीचं माप मिळवलं आणि तीन पेट्या स्वतःच्या हाताने केल्या. येऊरच्या पाड्यावरच्या एका काकांनी खोक्यातली पोळी अलगद कापून पेटीच्या चौकटींना केळीच्या सोपाने बांधून दिली, राणी आत गेली की बाकीच्या आपोआप जातात म्हणाले, आणि तसंच झालं, संध्याकाळपर्यंत सगळ्या माशा रांगेने आत. उरलेल्या दोन पेट्यांतल्या वसाहती पण त्यांनीच डिसेंबरपर्यंत आणून दिल्या.

तर मध आंबला का, ह्याचं उत्तर आम्हाला पुण्यात मिळालं. खादी आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे शिवाजीनगरला, १९६२ पासूनची, तिथे आम्ही दोघं ट्रेनिंगला गेलो. पहिल्याच दिवशी कळलं की फुलातून माशी आणते तो मध नसतोच, तो मकरंद, त्यात अर्ध्याहून जास्त पाणी. माशा तो एकमेकींच्या तोंडात देतात, पोळ्याच्या भोकांत पसरून ठेवतात आणि रात्रभर पंखांनी वारा घालून सुकवतात, आणि पुरेसा सुकला की वरून मेणाचं पातळ झाकण घालतात, त्याला आम्ही सील म्हणतो. सील म्हणजे माशीने दिलेली सही की हा मध आता टिकेल. पाणी २० टक्क्यांच्या आत पाहिजे, एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेचा, नियम पण तोच आहे. त्याच्या वर गेलं की मधात असलेलं यीस्ट जागं होतं आणि आंबायला लागतं. आम्ही काय केलं होतं तर पोळं जड लागलं म्हणून उत्साहाने सगळ्या चौकटी काढल्या, निम्म्या उघड्याच होत्या, आणि वरून धुतलेल्या बाटल्या नीट न वाळवता भरल्या. शिल्लक राहिलेली एक बाटली मी सोबत नेली होती, तिथल्या सरांनी रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे मधातलं पाणी मोजायच्या यंत्रावर, थेंब ठेवला, २५ टक्के. काही बोलले नाहीत, फक्त यंत्र माझ्या हातात दिलं, बघा म्हणून. परत आल्यावर पहिली खरेदी तीच केली, रिफ्रॅक्टोमीटर, आणि ती आजपर्यंतची सगळ्यात उपयोगी खरेदी आहे.

आता मध कसा काढतो ते सांगते कारण लोक सगळ्यात जास्त हेच विचारतात. पेटीला दोन मजले असतात, खाली पिल्लांचा, वर मधाचा, वरच्याला सुपर म्हणतात. खालच्याला आम्ही हात लावत नाही. सकाळी नऊ-दहाला, ऊन पडल्यावर, अर्ध्या माशा बाहेर गेलेल्या असतात तेव्हा उघडायचं. धुरासाठी नारळाची सोडणं आणि गोणपाटाचा तुकडा, धूर गार आणि पांढरा हवा, गरम धुराने माशा भाजतात. धूर लागला की माशा मध पिऊन घेतात, पोट भरलेली माशी शांत असते, आणि एखादी चावलीच तर तिथून पिकल्या केळ्यासारखा वास येतो, तो वास म्हणजे बाकीच्यांना बोलावणं असतं, धूर तो वास पण झाकतो. म्हणून चावली की नांगी नखाने खरवडून काढायची आणि त्या जागेवर लगेच धूर द्यायचा. मग एकेक चौकट उचलून उजेडाकडे धरायची. चारपैकी किमान तीन भाग सील असेल तरच काढायची, नाहीतर परत ठेवायची, मग कितीही जड लागो. चौकट ठेवण्याआधी मी आडवी धरून एक हलका झटका देते, थेंब उडाले तर तो मध अजून कच्चा. हे मोजमाप कुठल्या यंत्रापेक्षा लवकर होतं.

काढलेल्या चौकटी घरात आणून दारं-खिडक्या लावून घ्यायच्या, नाहीतर दहा मिनिटांत माशा मागोमाग येतात. गरम पाण्यात बुडवून पुसलेल्या सुरीने सीलचा पापुद्रा सोलायचा, खाली एकसारखी भोकं चमकताना दिसतात. चार चौकटींचं मधयंत्र ह्यांनी घरी बनवलं, स्टेनलेस स्टीलचा ड्रम, आत जाळी, वर हँडल, बेअरिंग लालबागहून आणलेलं. आधी एका बाजूने हळू फिरवायचं, मग चौकट उलटी करायची, जोरात फिरवलं की नवं पांढरं पोळं मोडतं आणि पोळं मोडलं की माशांना ते परत बांधायला पुष्कळ मध खर्च करावा लागतो. रिकामी पोळी आम्ही त्याच संध्याकाळी त्याच पेटीला परत देतो. सासूबाईंच्या लहानपणी अख्खं पोळं फडक्यात पिळायचे, अंडी-पिल्लांसकट, त्या स्वतः ह्यांना यंत्र फिरवताना बघत बसायच्या आणि म्हणायच्या, बरं केलं हे, घर मोडत नाही त्यांचं.

मध मग दोनदा गाळतो, आधी स्टीलच्या जाळीतून आणि मग मलमलच्या कापडातून, आणि उभ्या पिंपात तीन दिवस झाकून ठेवतो. हवेचे बुडबुडे आणि मेणाचे कण वर येतात, ते काढून टाकायचे आणि खालच्या तोटीने बाटल्या भरायच्या. तापवत नाही. तापवला की पातळ होऊन भराभर गाळला जातो हे खरं, पण वास उडतो, रंग काळपट होतो.

ठाण्यात मध साठवणं हे काढण्यापेक्षा अवघड आहे हे मी अनुभवाने सांगते. मध हवेतलं पाणी ओढतो आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत पाणीच असतं, भिंती ओल्या, मीठ ओलं. म्हणून पावसाळ्यात आम्ही बाटल्या भरत नाही, म्हणजे नाहीच, ऑर्डर असली तरी. मेच्या शेवटापर्यंत सगळं भरून सील करून घेतो, आणि मागची खोली त्यासाठीच ठेवली आहे, खिडकी बंद, हवेतली ओल ओढणारा डीह्युमिडिफायर चालू. एखाद्या चौकटीचं माप २१ आलं तर मध काढायच्या आधी चौकटीच त्या खोलीत रचून एक रात्र पंखा लावतो, एखाद टक्का उतरतो. २२ असेल तर परत पेटीत.

बाटल्यांचा पण एक धडा महागात शिकलो. २०१८ ला रजिस्ट्रेशन झालं आणि आम्ही हौसेने अर्धा लिटरच्या दोनशे काचेच्या बाटल्या मागवल्या, अर्धा किलो मधासाठी. पण मध पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड, अर्धा किलो मध साधारण साडेतीनशे मिलीत बसतो. बाटली गळ्यापासून इतकी रिकामी दिसायची की गिऱ्हाईक विचारायचं, कमी भरलीय का. आणि वर जेवढी हवा तेवढी ओल. त्या बाटल्या शेवटी सातशे ग्रॅमसाठी वापरल्या, काटा लावून.

२०१९ मात्र मी विसरू शकत नाही. तेव्हा चौदा पेट्या झाल्या होत्या, मागणी वाढलेली, एका दुकानदाराने महिन्याला ठराविक माल हवा असं सांगितलं आणि आम्ही मेच्या शेवटच्या आठवड्यात सुपर पूर्ण रिकामे करून घेतले. जूनमध्ये पाऊस लागला, बाहेर फूल नाही, आत मध नाही. सातेरी उपाशी राहिली की घर सोडते. जुलैत एका आठवड्यात पाच पेट्यांतल्या माशा उडून गेल्या, उरलेल्या पोळ्यात मेणकिड्याच्या जाळ्या आणि काळी भुकटी. पेटी उघडली आणि आतून काही आवाजच नाही, ते फार वाईट वाटतं. दुकानदाराचं काम सोडलं आम्ही. तेव्हापासून मेमध्ये प्रत्येक पेटीत निदान दोन भरलेल्या चौकटी माशांसाठी ठेवतो, आणि ज्या पेट्या कमजोर असतील त्यांना पावसात साखरेचं पाणी देतो. हे मी लपवत नाही, कुणी विचारलं तर सांगते. सुपर काढून ठेवलेला असतो तेव्हाच देतो, आणि तो साठा त्यांचा, तो आम्ही काढत नाही.

लॉकडाऊनमध्ये मुरबाडला ठेवलेल्या आमच्या पेट्यांपर्यंत जाताच आलं नाही, त्या वर्षीचा तिथला मध माशांनीच खाल्ला, आणि २०२१ च्या मेमध्ये तौक्ते वादळात दोन पेट्या आडव्या झाल्या. पण मधे २०२० च्या डिसेंबरला सीएसईने (दिल्लीची सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट ही संस्था) बाजारातल्या मधातल्या भेसळीचा रिपोर्ट काढला आणि आमचा फोन वाजायचा थांबेना. तेव्हा आलेली बरीच गिऱ्हाइकं आजही आहेत. त्यातले निम्मे घरी टेस्ट करायचे, पाण्यात टाकून तळाशी बसतो का, वात भिजवून पेटते का, कुत्रा खातो का. मी प्रत्येकाला सांगत आले, ह्यातल्या बहुतेक टेस्ट फक्त दाटपणा बघतात, दाट साखरेचा पाक पण त्यात पास होतो. आणि थंडीत मध रवाळ झाला तर घाबरू नका, ग्लुकोजचा रवा धरणं हा खऱ्या मधाचा स्वभाव आहे. बाटली चाळीस अंशाच्या आसपासच्या, हाताला सोसेल अशा गरम पाण्यात उभी करा, होतो पातळ. फ्रीजमध्ये ठेवू नका, ओला चमचा घालू नका, आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात देऊ नका, चाटण म्हणूनसुद्धा, बोट्युलिझमचा, म्हणजे जिवाणूंच्या विषबाधेचा, धोका असतो. हे वाक्य आमच्या लेबलवर मोठ्या अक्षरात आहे, काही आज्यांना राग येतो, तरी आहे.

शेजारच्या इमारतीची तक्रार पण झाली होती, गाड्यांवर पिवळे ठिपके पडतात म्हणून. ठिपके माशांच्या विष्ठेचेच होते. आम्ही पेट्यांची तोंडं डोंगराकडे फिरवली, समोर मेंदीचं उंच कुंपण लावलं म्हणजे माशा उठतानाच वर उठतात, आणि परसात पाण्याची परात ठेवली, दगड घालून, म्हणजे त्या लोकांच्या बाल्कनीतल्या कुंड्यांवर पाण्याला जात नाहीत. पेटीच्या स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत असतातच, मुंग्या चढू नयेत म्हणून. त्या इमारतीतले आठ जण आज गिऱ्हाईक आहेत.

आणि २०२४, कारवीचं वर्ष. येऊरच्या डोंगरावर कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते, आधीची २०१६ ला फुलली होती, आमच्या खोक्यात माशा आल्या तेच वर्ष. सप्टेंबरमध्ये माशा डोंगराकडून परतताना पेटीच्या तोंडाशी धपकन उतरायच्या इतक्या भरलेल्या, आणि दोन आठवड्यांत वरचे मजले गच्च. पण पाऊस चालू होता. मी चौकट उघडून थेंब घेतला तर २४. लोकांचे फोन, कारवीचा मध कधी, कितीही पैसे घ्या. ह्यांनी पण विचारलं एकदा, काढूया का, पंखा लावू. मी नाही म्हटलं. ऑक्टोबरचं ऊन तापलं, रात्री पंखांचा घुं घुं आवाज घरापर्यंत यायचा, आणि विसाव्या तारखेला परत मोजला तर एकोणीस आणि अर्धा, सगळं सील. घरच्या अकरा पेट्यांतून ४१ किलो निघाला, गडद, दाट, जिभेवर थोडा वेळ राहणारा. प्रत्येकाला एकच बाटली दिली.

आता पेट्या नऊ परसांत आहेत, मानपाडा, ओवळे, बदलापूर, मुरबाड. जागेचं भाडं आम्ही देत नाही, निघालेल्या मधाचा चौथा हिस्सा परसवाल्यांचा. मुरबाडच्या दोन ताई आता स्वतः चौकटी तपासतात आणि रिफ्रॅक्टोमीटरचा फोटो पाठवतात. लेबलवर कुठल्या परसाचा आणि कुठल्या महिन्याचा ते लिहिलेलं असतं, म्हणून प्रत्येक बाटलीचा रंग वेगळा दिसेल, ते बरोबर आहे.

यंदाचा जांभळाचा मध मेच्या दुसऱ्या आठवड्यात भरायला घेऊ, तो किंचित कडवट असतो, मुलांना कदाचित आवडणार नाही. स्वतःची बरणी घेऊन येणार असाल तर बाटलीचे पैसे कमी करतो, फक्त धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवून आणा, आतून जराही दमट वाटली तर मी भरून देणार नाही.