सुमारगड : रसाळगड आणि महिपतगड यांच्यामधले रान

रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्यात सह्याद्रीच्या मुख्य रांगेला समांतर अशी एक डोंगररांग उभी आहे आणि या दोहोंच्या मधून जगबुडी नदी वाहते. या रांगेवर दक्षिणेकडून उत्तरेकडे रसाळगड, सुमारगड आणि महिपतगड असे तीन किल्ले आहेत. रसाळगडाखालच्या रसाळवाडीपर्यंत गाडी जात असल्यामुळे तिथे सुट्टीच्या दिवशी माणसांची वर्दळ असते. महिपतगडाचा विस्तार मोठा असल्याने दुर्गप्रेमी तिथवर आवर्जून जातात. मधला सुमारगड लहान आणि चहूबाजूंनी रानाने वेढलेला आहे. डिसेंबरात रसाळगडावरून निघून आम्ही तो माथा गाठला, त्याचा हा वृत्तांत. या गडावर चढण्यापेक्षा वाट सापडणे अवघड आहे, म्हणून तयारीही त्याच दृष्टीने करावी.

कोकण रेल्वेचे खेड स्थानक सोयीचे आहे. मांडवी आणि कोकणकन्या या दोन्ही एक्सप्रेस गाड्या तिथे थांबतात. खेडहून रसाळवाडीपर्यंत खासगी जीप आदल्या दिवशीच ठरवून ठेवावी. मुक्कामासाठी रसाळगडावरचे झोलाई देवीचे मंदिर उत्तम आहे. पायथ्याच्या गावात न थांबता वरच मुक्काम करावा, कारण सुमारगडाची चाल उजाडताच सुरू झाली पाहिजे. रसाळगडावरच्या तोफा आणि धान्यकोठार संध्याकाळच्या उजेडातच पाहून घ्यावे. पहाटे त्यासाठी वेळ काढू नये.

रसाळगड सोडल्यावर सुरुवातीची चाल मोकळ्या, गवताळ सड्यावरून असते आणि ती सोपी वाटते. वाटेत धनगरवाडा लागतो. इथून वाटाड्या घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे मी कोणत्याही पुस्ती न जोडता सांगेन. आमच्यासोबत आलेले मामा साठीच्या पुढचे होते. कमरेच्या आकडीला कोयता अडकवलेला, पायात साध्या चपला, आणि तरीही झाडीत शिरल्यावर आम्हाला त्यांच्या मागे राहणे जड गेले. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट या डोंगरावर फिरणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यायला हवी. इथल्या वाटा कोणी बांधलेल्या नाहीत. गुरांच्या आणि गुराख्यांच्या पायांनी त्या मळत गेल्या. तरुण मुले कामासाठी लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत किंवा थेट मुंबईला गेली, गुरे कमी झाली आणि पावसाळ्यागणिक एकेक ढोरवाट रानाने परत घेतली. त्यामुळे जुन्या वर्णनांत ‘ठळक पायवाट’ असे वाचले, तरी तिच्यावर विसंबू नये.

पुढे झाडी दाट होते. कारवी, करवंदीच्या जाळ्या, शिकेकाईचे काटेरी वेल आणि त्यांच्यावर अंजनी, हिरडा, जांभूळ यांचे छत, असे हे रान आहे. कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते आणि फुलून गेल्यावर मरते. अशा वाळलेल्या दांड्या हाताला आधार देत नाहीत, कटकन मोडतात. चढावर आधार घ्यायचाच असेल, तर हिरवी कारवी मुळाजवळ धरावी. झाडीतून वाट काढताना ओढ्याच्या घळीत उतरण्याचा मोह होतो, कारण तिथे झुडपे विरळ असतात. परंतु अशी घळ वर बहुधा कोरड्या धबधब्याच्या कातळाशी संपते. शक्यतो डोंगराची धार धरून राहावे आणि धार सोडावी लागली, तर चढउतार न करता आडवे जावे. मोबाइलमधील नकाशा उपयोगी पडतो, परंतु कड्याच्या कुशीत आणि दाट पानांखाली त्यावरचा ठिपका बराच सरकतो. त्यापेक्षा ठरावीक अंतराने मागे वळून पाहण्याची सवय अधिक कामी येते, कारण परतताना तेच रान वेगळे दिसते. फाट्याच्या जागी दगडांची छोटी लगोर रचावी. झाडांच्या सालीवर खुणा करू नयेत, रंग मारू नये, प्लास्टिकच्या पट्ट्या बांधून ठेवू नयेत.

गडाचा कातळ समोर आल्यावर थेट अंगावर चढू नये. आम्ही कड्याच्या पायथ्याने आडवे जाऊन मामांनी दाखवलेल्या जागेवरूनच वर चढलो. शेवटचा टप्पा थोड्याच उंचीचा आहे, परंतु खाली खोल दरी आहे. कातळावरची माती पायाखालून सुटते. नवख्यांसाठी 30 मीटरचा चांगला दोर आणि तो बांधता येणारा एक जाणता माणूस असलाच पाहिजे.

माथा आटोपशीर आहे. खडकात खोदलेली पाण्याची टाकी आणि शिवलिंग असलेली गुहा, एवढेच अवशेष नजरेत भरतात, पण ते पाहताना कोरणाऱ्यांविषयी मनापासून आदर वाटतो: या रानात, या कड्यावर त्यांनी पाण्याची सोय करून ठेवली. उत्तरेला महिपतगडाचा सलग कडा आणि पूर्वेला मुख्य रांगेवरचा चकदेव दिसतो. टाक्यांतले पाणी गाळून, उकळूनच प्यावे आणि त्यावर विसंबून न राहता प्रत्येकाने किमान चार लिटर पाणी सोबत न्यावे.

धोक्यांबद्दल थोडे सविस्तर लिहितो. डिसेंबरपासून खाजकुयलीच्या शेंगा वाळतात आणि त्यांवरची लव वाऱ्यानेही अंगावर येते. म्हणून पूर्ण बाह्यांचा जाड सदरा, लांब विजार आणि हातमोजे हवेत. लव लागलीच तर खाजवू नये, चिकटपट्टी दाबून ती अलगद उचलावी. सह्याद्रीच्या कड्यांवर आग्यामोहोळे असतात, त्यामुळे अत्तर लावू नये, धूर करू नये आणि आरडाओरडा करू नये. फुरसे हा या जिल्ह्यातला नेहमीचा विषारी साप असून तो दगडाखाली आणि पाचोळ्यात बसतो. काठी आपटत चालावे आणि न पाहता कपारीत हात घालू नये. दंश झालाच तर जखम कापू किंवा चोखू नये, घट्ट आवळपट्टी बांधू नये आणि माणसाला शक्य तितके स्थिर ठेवून उचलून न्यावे. तालुक्यात कळंबणीला उपजिल्हा रुग्णालय आहे.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा योग्य काळ. पावसाळ्यात हा डोंगर टाळावा, आणि पावसाळा सरल्यावरही गवत वाळेपर्यंत थांबावे. दुपारी 12 वाजेपर्यंत माथा गाठला नाही, तर जिथे असाल तिथून परत फिरावे, कारण दाट झाडीत उजेड लवकर सरतो. महिपतगडापर्यंत सलग जायचे असल्यास तो वेगळ्या दिवसाचा पल्ला समजावा, त्यासाठी वाटाड्याशी आधीच बोलणी करावी आणि उतरल्यावर दहिवलीला गाडी बोलावून ठेवावी. वाटाड्याची मजुरी निघण्यापूर्वी ठरवावी, त्याच्या जेवणाची आणि पाण्याची सोय आपण करावी, आणि त्याला दिवसाउजेडी घरी पोचता येईल अशा वेळीच निरोप द्यावा.