आमची वाटचाल : विक्रीकडून दुरुस्तीकडे

आमची सुरुवात क्रीडासाहित्याच्या विक्रीपासून झाली. आज दुरुस्ती आणि साहित्याचं नियोजन हे आमचं मुख्य काम आहे, आणि हा बदल मंदीने घडवला. क्लबचा हात आखडला की पहिली कात्री मुलांच्या गटाला लागते. प्रशिक्षकाचे तास कमी होतात, तीन गटांचा एक होतो. दहा आणि चौदा वर्षांची मुलं एकत्र खेळू लागली की लहानांच्या वाट्याला चेंडूच येत नाही, आणि ती हळूहळू यायची थांबतात. म्हणून साहित्याचा खर्च उतरवा आणि ते पैसे प्रशिक्षकाच्या मानधनाला लावा, असा आमचा आग्रह असतो.

फुटबॉलचंच घ्या. सरावासाठी आम्ही शिवलेला चेंडूच सुचवतो. उष्णतेने चिकटवलेला एकदा फाटला की टाकूनच द्यावा लागतो. हवा जात असेल तर चेंडू फुगवून पाण्यात धरावा. बुडबुडे तोंडाशी आले तर दोष व्हॉल्व्हचा, शिलाईतून आले तर बहुधा ब्लॅडरला, म्हणजे आतल्या हवेच्या रबरी पिशवीला, छिद्र. मग काही टाके उसवून ब्लॅडर बाहेर घ्यायचा, जागा खरवडून रबरी ठिगळ लावायचं आणि मेण लावलेल्या दोऱ्याने, दोन सुयांनी, जुन्याच भोकांतून शिवायचं. लॅटेक्सचा (नैसर्गिक रबराचा) ब्लॅडर काही दिवसांत आपोआप मऊ पडतो, तो बिघाड नव्हे. ब्युटाइलचा (कृत्रिम रबराचा) हवा जास्त धरतो, त्यामुळे क्लबसाठी तोच बरा. पंपाची सुई कोरडी खुपसल्याने व्हॉल्व्ह फाटतो; आधी ग्लिसरीनचा थेंब लावावा. छापलेल्या दाबापेक्षा जास्त हवा भरली की शिलाई ताणते.

मापात मात्र काटकसर नको. आठ वर्षांपर्यंत 3 नंबर, बारापर्यंत 4, पुढे 5. वीस मुलांना दहा चेंडू पुरतात; सामने चार विरुद्ध चार, गोलरक्षकाशिवाय, म्हणजे प्रत्येकाचा पाय चेंडूला लागतो.

बुटांसाठी अदलाबदलीचं कपाट ठेवावं. लहान झालेली जोडी प्रत्येकाने द्यायची, कुणी काय नेलं याची नोंद नाही. गरजूंसाठी वेगळी पेटी ठेवली तर तिला कुणी हात लावत नाही.

अलीकडे आम्ही खेळाडूंची नोंदवहीही लावून देतो. फिफाच्या नियमांनुसार खेळाडू एका देशातल्या क्लबातून दुसऱ्या देशातल्या क्लबात जाताना नवा क्लब जी रक्कम देतो, तिच्यातले 5 टक्के खेळाडूला 12 ते 23 या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात: 12 ते 15 पर्यंतच्या प्रत्येक वर्षाला 0.25 टक्के, पुढच्या प्रत्येक वर्षाला 0.5 टक्के. जन्मतारीख आणि हंगामवार नोंदणी नीट नसेल तर हा हक्क सिद्ध करणं अवघड जातं.