पट्टी लाल आली तेव्हा: माझा अनुभव

सोलापूरजवळच्या कुंभारीत, विडी कामगारांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत आम्ही राहतो. मी विड्या वळते. धाकटा दीड वर्षाचा होता तेव्हा अंगणवाडीच्या ताईंनी त्याचं वजन-उंची घेतली, दंडाला पट्टी लावली. पट्टी लाल आली, म्हणजे दंड साडेअकरा सेंटिमीटरच्या आत. ‘सॅम आहे, तीव्र कुपोषण,’ त्या म्हणाल्या. सासूबाईंना पटेना. घरात ज्वारी आहे, शेंगा आहेत, पोरगं खेळतंय, मग कुपोषण कसलं?

ताईंनी वाद घातला नाही. त्याच्या दोन्ही पावलांवर अंगठा दाबून खड्डा पडतो का ते बघितलं. सूज नव्हती. मग पाकिटातला घट्ट आहार त्याच्यापुढे ठेवला आणि जबरदस्ती न करता तो किती खातो ते बघत बसल्या. त्याने चाटूनपुसून खाल्लं. खाल्लं नसतं, किंवा ताप-जुलाब असते, तर पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करावं लागलं असतं. डॉक्टरांनी तपासलं, औषधं दिली, आणि ग्राम बाल विकास केंद्रात त्याचं नाव घातलं. हे केंद्र म्हणजे आमचीच अंगणवाडी.

तिथे थोडं थोडं, पण पुन्हा पुन्हा भरवतात. मला विचाराल तर खरं औषध हेच. एवढ्याशा पोटाला मोठ्यांबरोबरची दोन वेळची भाकरी पुरत नाही. आणि मांडीवर विड्यांचं सूप असताना आईने किती वेळा उठायचं? मजुरी हजार विड्यांवर मिळते. तंबाखूचे हात साबणाने घासल्याशिवाय घास भरवता येत नाही.

घरी खिचडीत शेंगदाण्याचं कूट आणि वरून चमचाभर तेल सुरू केलं. संध्याकाळचं भरवणं सासूबाईंनीच अंगावर घेतलं. अंगणवाडीतून मिळणारा घरपोच आहार त्याच्या एकट्याच्या डब्यात राहतो. दर आठवड्याला वजन व्हायचं. सुरुवातीला काटा जेमतेम हलला, नंतर चढत गेला. केंद्रातून नाव निघालं तरी ताई अजून वजनाला बोलावतात, कारण एका जुलाबात कमावलेलं जातं.

अंगणवाडी दुपारी बंद होते, विड्या संध्याकाळपर्यंत चालतात. केंद्र सरकारच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडता येतं. ते आमच्या वसाहतीत हवं, म्हणून गल्लीतल्या बायकांच्या सह्या घेऊन आम्ही अर्ज लिहिलाय.